दुबईत डेटा वेअरहाउस कन्सल्टंट म्हणून जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंजवडी, खराडी किंवा ऐरोलीतून आखातात जाणाऱ्या डेटावाल्यांचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. पहिला पगाराचा, दुसरा व्हिसाचा. ज्या प्रश्नांवर पुढची दोन-तीन वर्षं अवलंबून असतात, ते मात्र बहुतेक जण तिथे पोचल्यावर विचारतात. म्हणून इथे क्रम थोडा उलटा ठेवलाय. उत्तरं मुख्यतः संयुक्त अरब अमिरातीची आहेत, म्हणजे दुबई आणि अबुधाबीची. शेजारच्या देशांबद्दल शेवटाकडे थोडं आहे. नियम बदलत राहतात, त्यामुळे सही करण्याआधी आकडे सरकारी संकेतस्थळावर एकदा ताडून घ्या.

तिथे नेमकं काम काय असतं?

टेलिकॉम, विमान कंपन्या, मोठ्या रिटेल साखळ्या, सरकारी खाती या सगळीकडे काम आहे, पण सर्वांत जास्त बँकांत. कोअर बँकिंग, कार्ड, ट्रेझरी, कर्जं अशा वेगवेगळ्या सिस्टीममधला डेटा रात्री उचलायचा, एकमेकांशी जुळवायचा आणि सकाळी फायनान्सवाले येण्याआधी रिपोर्ट तयार ठेवायचे. मध्यवर्ती बँकेला जाणारी विवरणं आणि अल इतिहाद क्रेडिट ब्युरोला (कर्जदारांची पत नोंदवणाऱ्या संस्थेला) जाणारी माहिती बहुधा याच एकत्र साठ्यातून, म्हणजे वेअरहाउसमधून, निघते. २०१८ पासून आयएफआरएस ९ हे हिशेबाचं आंतरराष्ट्रीय मानक लागू झाल्यावर बँकांना संभाव्य बुडीत कर्जाचा अंदाज आधीच बांधावा लागतो, आणि त्याला कित्येक वर्षांचा स्वच्छ इतिहास लागतो. बऱ्याच बँकांना आपल्या जुन्या टेबलांत काय भरून ठेवलंय ते तेव्हाच पहिल्यांदा नीट दिसलं.

‘कन्सल्टंट’ या पदनामाला फार अर्थ नाही. त्याखाली ईटीएल डेव्हलपरही (डेटा उचलून, बदलून भरणारा) असतो, डेटा मॉडेलरही (टेबलांची रचना ठरवणारा), आणि रात्री बंद पडलेले जॉब, म्हणजे आपोआप चालणारी कामं, पुन्हा चालवणारा सपोर्टवालाही. मुलाखतीत थेट विचारा: टीममध्ये किती जण, ऑन-कॉल कुणाकडे, मॉडेल ठरवण्यात माझा हात किती. उत्तर गुळमुळीत आलं तर सपोर्टचं काम आहे असं समजा.

कोणती टूल्स यायला हवीत?

जुन्या बँकांत ओरॅकल आणि टेराडेटा हे डेटाबेस ठाण मांडून आहेत. सोबत डेटा हलवणारी टूल्स: इन्फॉर्मॅटिका, डेटास्टेज, ओरॅकल डेटा इंटिग्रेटर किंवा एसएसआयएस. नवे प्रकल्प अझुर, स्नोफ्लेक, डेटाब्रिक्स अशा क्लाउडवरच्या टूल्सकडे आणि रिपोर्टसाठी पॉवर बीआयकडे झुकतात. जुन्यातून नव्यात डेटा हलवण्याची कामं भरपूर आहेत, म्हणून दोन्ही बाजू येणारा माणूस हवाहवासा असतो. एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा मात्र पक्की हवी. टूल बदलतं, पण ताळमेळ का बसत नाही हे शोधायला शेवटी क्वेरीच लिहावी लागते. प्रमाणपत्रांनी बायोडेटा गाळणीतून पार होतो, त्यापलीकडे त्यांच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

इथल्या डेटात वेगळं असं काय असतं?

बरंच. तुमची किंमत ठरते ती इथे, म्हणून हे उत्तर लांब आहे.

आधी कॅलेंडर. अमिरातीत २०२२ च्या जानेवारीपासून शनिवार-रविवार सुट्टी आहे आणि सरकारी कचेऱ्या शुक्रवारी अर्धा दिवस चालतात. शारजाह अमिरातीत सरकारी सुट्टी शुक्रवार ते रविवार. त्याआधी देशभर शुक्रवार-शनिवार होती, आणि २००६ च्या आधी गुरुवार-शुक्रवार. सौदीत गुरुवार-शुक्रवारवरून शुक्रवार-शनिवार असा बदल २०१३ मध्ये झाला. म्हणजे डेट डायमेन्शनमध्ये (तारखांची माहिती ठेवणाऱ्या टेबलात) ‘कामाचा दिवस’ हा कॉलम वारावरून काढून चालत नाही. तो देश आणि तारीख दोन्ही पाहून भरावा लागतो. पाच देशांत शाखा असलेल्या समूहाचा ‘साप्ताहिक सरासरी’ रिपोर्ट मागितला की आधी विचारायचं: कुणाचा आठवडा?

दुसरं, हिजरी (इस्लामी चांद्र) वर्ष. ते ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. गेल्या वर्षीच्या मार्चशी या वर्षीच्या मार्चची तुलना केली की विक्री अचानक घसरलेली किंवा फुगलेली दिसते, आणि व्यवस्थापनात खळबळ माजते. खरं तर रमजान फक्त महिना बदलून गेलेला असतो. २०३० मध्ये एकाच इंग्रजी वर्षात रमजान दोनदा सुरू होणार आहे, जानेवारीत आणि डिसेंबरअखेर. ज्यांनी ‘वर्षाला एक रमजान’ असं गृहीत धरून कोड लिहिलाय त्यांची ती वर्षअखेर मजेची जाईल. सौदीतल्या डेटात हिजरी तारखा थेट कॉलममध्ये सापडतात आणि त्यांचं रूपांतर उम्म अल-कुरा या सौदीच्या अधिकृत पंचांगानुसार करावं लागतं. एखाद्या सूत्रानं केलेलं रूपांतर एखाद्या दिवसानं चुकू शकतं, आणि एका दिवसानं मॅच्युरिटीची (मुदत संपण्याची) तारीख चुकली तर फोन येतो.

तिसरं, पैसे. दिरहम आणि सौदी रियालला दोन दशांश स्थळं पुरतात. कुवेती दिनार, बहरीनी दिनार आणि ओमानी रियाल यांना तीन लागतात, कारण तिथे एका चलनाचे हजार भाग होतात. रकमेचा कॉलम दोन दशांशाचा ठेवला तर मस्कतच्या शाखेचा ताळेबंद रोज थोडाथोडा हुकत राहतो, आणि फरक इतका बारीक असतो की महिनाभर कुणाच्या लक्षातही येत नाही.

चौथं, नावं. मोहम्मद हे एकच नाव रोमन लिपीत पाच-सहा पद्धतींनी लिहिलेलं सापडतं. त्यात स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं आणि घराण्याचं नाव अशी साखळी असते. आपल्याकडे स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव लिहायची सवय असल्यानं हे समजायला मराठी माणसाला फार वेळ लागत नाही. पण ‘पहिलं नाव, शेवटचं नाव’ अशा दोन कॉलमच्या परदेशी मॉडेलमध्ये ते बसत नाही. अरबी मजकूर युनिकोड (सर्व लिपी साठवणारी पद्धत) नसलेल्या कॉलममध्ये लोड केला तर सकाळी टेबलात नुसती प्रश्नचिन्हं उरतात, आणि मूळ डेटा पुन्हा उचलल्याशिवाय ती परत अक्षरं होत नाहीत. ग्राहक ओळखायला एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथल्या सरकारी ओळखपत्राचा क्रमांक, सर्वांत भरवशाचा: १५ अंकी, ७८४ ने सुरू होणारा, पुढचे चार अंक जन्मवर्षाचे. एका सिस्टीममध्ये तो आडव्या रेघांसह असतो, दुसरीत रेघांविना, आणि ज्याला अजून आयडी मिळालेला नाही अशा नवख्या माणसासाठी तिसरीत काहीतरी बनावट आकडा टाकलेला असतो. जन्मवर्ष आत असल्यामुळे तो उघडा ठेवता येत नाही. मास्किंग, म्हणजे आकडे झाकणं, करावंच लागतं.

पाचवं आणि सर्वांत रंजक, इस्लामिक बँकिंग. दुबई इस्लामिक बँक १९७५ पासून आहे आणि आता बहुतेक मोठ्या बँकांचा इस्लामिक विभागही असतो. तिथे व्याज नाही. मुराबाहामध्ये बँक वस्तू विकत घेऊन ठरलेल्या नफ्यासह ग्राहकाला हप्त्यांवर विकते, इजारामध्ये भाड्यानं देते. ‘इंटरेस्ट’ नावाच्या कॉलमात नफा भरून रिपोर्ट पुढे ढकलता येतो, पण शरिया ऑडिटवाले तो परत पाठवतात. उशिरा हप्ता भरल्याचा दंड बँकेचं उत्पन्न धरत नाहीत, तो धर्मादाय खात्यात जातो. पारंपरिक बँकेच्या मॉडेलची नक्कल करून तो ‘शुल्क उत्पन्ना’त मिसळला तर नफ्याचा आकडाच चुकतो. मुलाखतीत एवढं एक उदाहरण नीट सांगता आलं तरी समोरचा खुर्चीत पुढे सरकतो.

हे सगळं पुण्यात बसून करता येत नाही का?

बरंच करता येतं आणि केलंही जातं. पण बँका आणि सरकारी खाती ग्राहकांचा डेटा देशाबाहेर जाऊ देत नाहीत. अमिरातीचा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा संघीय कायदा २०२१ चा आहे, आणि बँकांवर मध्यवर्ती बँकेचे नियम वेगळे. क्लाउड कंपन्यांनी इथेच डेटा सेंटर उघडली ती याच बाजारासाठी: मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये दुबई-अबुधाबीत, ॲमेझॉननं २०१९ मध्ये बहरीनला आणि २०२२ मध्ये अमिरातीत. भारतातल्या टीमला मास्क केलेला डेटा मिळतो. खरा डेटा पाहून ‘हे असं का?’ याचं उत्तर शोधायला माणूस तिथेच लागतो, आणि ती खुर्ची तुमची.

ऑफर एका कंपनीची, बसायचं दुसऱ्याच बँकेत. हे नेहमीचं आहे का?

हो, फार नेहमीचं. बँक एका मोठ्या आयटी कंपनीला कंत्राट देते, ती मनुष्यबळ पुरवणाऱ्या छोट्या कंपनीकडून माणूस घेते, आणि तुमचा व्हिसा असतो त्या छोट्या कंपनीचा. ओळखपत्र बँकेचं गळ्यात असलं तरी कायद्यानं मालक तीच. पगार उशिरा झाला तर बँकेतला मॅनेजर हळहळण्यापलीकडे काही करू शकत नाही.

म्हणून सहीआधी विचारायच्या गोष्टी: व्हिसा कुणाचा, कंपनी मुख्य भूमीवर नोंदलेली की फ्री झोनमध्ये (वेगळे व्यापारी नियम असलेल्या क्षेत्रात), प्रकल्प संपला तर पुढच्या प्रकल्पापर्यंत पगार चालू राहतो की नाही, आणि क्लायंटनं थेट नोकरी देऊ केली तर अडवणारी अट आहे का. कायद्यानुसार स्पर्धकाकडे न जाण्याची अट जास्तीत जास्त दोन वर्षांचीच असू शकते, आणि काळ, ठिकाण व कामाचं स्वरूप नेमकं लिहिलेलं असावं लागतं. दुबईचं डीआयएफसी आणि अबुधाबीचं एडीजीएम या दोन वित्तीय क्षेत्रांचे कामगार नियम स्वतंत्र आहेत, त्यामुळे खाली दिलेले बरेच आकडे तिथे लागू नाहीत.

पगार किती मागावा?

आकडा देणार नाही. अनुभव, बँक आणि वर्षानुसार तो इतका हलतो की इथे लिहिलेला पुढच्या महिन्यात खोटा ठरेल. पण आकड्यापेक्षा त्याची रचना बघा.

पगार बेसिक आणि भत्ते असा विभागलेला असतो. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी फक्त बेसिकवर निघते: पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचा बेसिक, पुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा. किमान एक वर्ष पूर्ण व्हायला हवं. समजा दोघांनाही महिन्याला २०,००० दिरहम मिळतात. एकाचं बेसिक १२,००० आहे, दुसऱ्याचं ६,०००. महिना ३० दिवसांचा धरला तर पाच वर्षांनी पहिल्याला ४२,००० दिरहम मिळतात, दुसऱ्याला २१,०००. बेकारी विम्याची रक्कमही बेसिकवरच ठरते. एचआर बेसिक कमी का ठेवतं ते आता कळलं असेल. एकूण आकड्यावर घासाघीस करून झाली की बेसिकवर एकदा जरूर करा.

याशिवाय वर्षाचं विमान तिकीट, कुटुंबाचा आरोग्य विमा आणि मुलांच्या शाळेची फी ऑफरमध्ये आहे की नाही ते पाहा. कायद्यानं हे सगळं मिळतंच असं नाही. शाळेची फी हा कुटुंबवाल्यांच्या बजेटमधला सर्वांत मोठा धक्का असतो.

दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. त्यामुळे घरी पाठवलेल्या पैशाचा भाव रुपया-डॉलरप्रमाणे हलतो.

तिथे टॅक्स नाही, म्हणजे पूर्ण पगार हातात?

अमिरातीत पगारावर आयकर नाही, हे खरं. भारतातला मात्र तारखेवर अवलंबून आहे, आणि हे इतक्या जणांना माहीत नसतं की आश्चर्य वाटतं. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिला असेल तर त्या वर्षापुरता तो निवासी धरला जातो. तुम्ही ऑक्टोबरात किंवा नंतर गेलात की एप्रिलपासूनचे दिवस १८२ च्या वर जातात, आणि ऑक्टोबर ते मार्चचा दुबईचा पगार भारतात करपात्र होतो. जॉइनिंगची तारीख पुढे-मागे करण्याची मुभा असेल तर सप्टेंबर संपण्याच्या बऱ्याच आधी निघा. नाहीतर एप्रिलची तारीख मागून पाहा.

भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर आणखी दोन नियम लागतात, १२० दिवसांचा आणि ‘मानीव निवासी’चा (भारतात न राहताही निवासी धरण्याचा). त्यासाठी सीए गाठा.

गेल्यावर भारतातलं साधं बचत खातं तसंच ठेवता येत नाही, ते एनआरओ (अनिवासी भारतीयांचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) करावं लागतं. तिथला पगार एनआरई (परदेशी कमाईसाठीच्या) खात्यात पाठवा. त्यावरचं व्याज करमुक्त असतं आणि पैसे परत बाहेर नेता येतात. जुनं पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, अनिवासी झाल्यावर नवं उघडता येत नाही.

डिग्रीचं अटेस्टेशन कसं करायचं?

अपोस्टिल (हेग करारातल्या देशांत चालणारा साक्षांकनाचा शिक्का) पुरत नाही, कारण अमिराती त्या करारात नाही. डिग्री आधी राज्य सरकारच्या पातळीवर साक्षांकित होते, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून, नंतर अमिरातीच्या मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाकडून, आणि शेवटी तिथे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाकडून. विद्यापीठाकडून पडताळणी मागितली गेली तर तिथेच सगळ्यात जास्त वेळ जातो. ऑफरची वाट न पाहता डिग्रीचं काम सुरू करा. मूळ प्रत कुरियरनं पाठवायची वेळ आली तर पोचपावती जपून ठेवा.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची एक खास अडचण आहे. प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचं, वडिलांचं आणि बऱ्याचदा आईचंही नाव असतं. पासपोर्टवर क्रम निराळा. शंका निघू शकते, म्हणून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवा. कुटुंब नेणार असाल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखलेही याच रांगेतून जातात. लग्नाची नोंदणी अजून केली नसेल तर आज वॉर्ड ऑफिस किंवा ग्रामपंचायत गाठा.

एमिग्रेशन क्लिअरन्स (परदेशी नोकरीला जायची भारत सरकारची परवानगी) लागतो का?

पदवीधराला नाही. दहावी उत्तीर्णांचा पासपोर्ट साधारणपणे त्यातून मुक्त असतो. तरी जुन्या पासपोर्टवर ईसीआर (ही परवानगी लागते) असा उल्लेख नाही ना, ते पाहून घ्या.

एजंट म्हणतो, ‘आधी व्हिजिट व्हिसावर या, काम सुरू करा, मग बघू.’ जाऊ का?

नाही. व्हिजिट व्हिसावर मुलाखती देता येतात, काम करता येत नाही. परवान्याविना माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाला २०२४ च्या दुरुस्तीनंतर एक लाख ते दहा लाख दिरहम दंड आहे, आणि सापडल्यावर तुम्हालाही अमिरातीतून जावं लागतं. खरी प्रक्रिया अशी: मनुष्यबळ मंत्रालयात नोंदलेलं ऑफर लेटर, प्रवेश परवाना, तिथे रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे, बोटांचे ठसे, मग एमिरेट्स आयडी. एक्स-रेमध्ये जुन्या टीबीचा डाग दिसला तर प्रकरण अडकतं. असा इतिहास असेल तर भारतातली नोकरी सोडण्याआधी डॉक्टरांना विचारा.

भरतीचा आणि व्हिसाचा खर्च कामगाराकडून घ्यायला अमिरातीच्या कायद्यानं बंदी आहे. भारतात परवानाधारक भरती एजंटला घेता येणारं शुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी. परवाना खरा की खोटा ते भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं. पासपोर्ट ठेवून घेणंही बेकायदा आहे.

प्रोबेशनमध्ये नोकरी सोडली तर?

२०२१ चा कामगार कायदा फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त नाही. त्या काळात मालकाला काढायचं असेल तर १४ दिवसांची नोटीस. तुम्हाला अमिरातीतच दुसरीकडे जायचं असेल तर एक महिन्याची, आणि नवा मालक जुन्याचा भरतीखर्च भरून देतो. देश सोडून जायचं असेल तर १४ दिवसांची. नोटीस न देता गायब झालात तर वर्षभर नवा कामाचा परवाना मिळत नाही. प्रोबेशननंतर करारात लिहिलेली नोटीस, ३० ते ९० दिवसांची.

बेकारी विमा २०२३ पासून सक्तीचा आहे. बेसिक १६,००० दिरहमपर्यंत असेल तर महिना ५ दिरहम, त्यावर १०. सलग १२ महिने भरलेला असेल आणि नोकरी मालकानं घालवली असेल तर बेसिकच्या ६० टक्के रक्कम तीन महिन्यांपर्यंत मिळते. राजीनामा दिला की काही नाही. हप्ता भरला नाही तर दंड, आणि हा हप्ता कंपनी भरत नाही, तुम्हालाच भरायचा असतो.

कामाचे तास?

कागदावर दिवसाला ८, आठवड्याला ४८. रमजानात दोन तास कमी, तुमचा धर्म कोणताही असो. वर्ष झालं की ३० दिवसांची रजा, पण हे दिवस कॅलेंडरचे असतात, मधले शनिवार-रविवारही त्यात मोजले जातात. महिन्याचे पहिले पाच दिवस मात्र बँकेतल्या वेअरहाउसवाल्याचे स्वतःचे नसतात. पुस्तकं बंद व्हायची असतात, जॉब पडतात, आणि घड्याळ भारतापेक्षा दीड तास मागे असल्यानं पुण्यातली सपोर्ट टीम संध्याकाळी तुमच्या आधी घरी जाते.

घराचं कसं करायचं?

पहिला महिना शेअरिंगमध्ये काढा. ऑफिस कुठल्या क्लायंटकडे पडतंय ते कळल्याशिवाय वर्षाचं भाडं बांधून घेऊ नका. करामा, बर दुबई, अल नहदा आणि कुसैस या भागांत भारतीय वस्ती जास्त. शारजाहला भाडं कमी, पण सकाळी दुबईकडे येणाऱ्या रस्त्यावर रोज अडकायची तयारी हवी.

भाडं वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांच्या चेकनं भरायचं असतं, एक ते बारा कितीही. चेक कमी तेवढं भाडं उतरतं. सोबत दलाली, अनामत आणि वीज-पाण्याची अनामत. दुबईत वीजबिलातच भाड्याच्या ५ टक्के महापालिकेचं शुल्क लागून येतं, ते पहिल्या बिलापर्यंत कुणालाच आठवत नाही. करार ‘इजारी’त, म्हणजे दुबईच्या भाडेकरार नोंदणीत, नोंदवून घ्या. तो नसेल तर कुटुंबाचा व्हिसा अडतो.

बायको-मुलांना कधी नेता येतं?

किमान ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० आणि राहायला जागा, एवढी अट आहे. कन्सल्टंटच्या पगारात ती सहज पूर्ण होते. नोकरी करणारी स्त्रीही कुटुंबाला नेऊ शकते. खरा प्रश्न शाळेचा. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं, आणि चांगल्या शाळांत प्रतीक्षा यादी असते. तुमचा आरोग्य विमा काढणं मालकाला बंधनकारक आहे. दुबईत कुटुंबाचा तुम्हालाच काढावा लागू शकतो, अबुधाबीत नियम अधिक उदार आहेत.

बॅगेत काय नेऊ नये?

खसखस! दिवाळीच्या फराळात अनारसे द्यायची आईची इच्छा कितीही असो, तिला समजावा. अमिरातीत खसखस बंदी घातलेल्या पदार्थांत आहे. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाहीत, डॉक्टरची चिठ्ठी असली तरी. लोणचं, चटण्या, मेतकूट खुशाल न्या.

व्हॉट्सॲपवर घरी बोलता येतं?

मेसेज जातात, कॉल लागत नाहीत. टीम्स, झूम चालतात, बोटिम या ॲपवर बरेच जण बोलतात. कंपनीचं व्हीपीएन कामासाठी वापरायला हरकत नाही, बंदी चुकवण्यासाठी वापरू नका. ग्रुपवर शिवी देणं, परवानगीशिवाय कुणाचा फोटो टाकणं हे गुन्हे आहेत. आणि आपल्या लोकांनी विशेष लक्षात ठेवायचं: वर्गणी. गणपतीसाठी असो की गावाकडच्या आजारी माणसासाठी, अधिकृत परवानगी असलेल्या संस्थेशिवाय पैसे गोळा करणं बेकायदा आहे. क्यूआर कोड ग्रुपवर टाकायच्या आधी थांबा.

मराठी माणसं भेटतात का?

भरपूर. दुबईत महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती, दिवाळी, नाटकं होतात. करामात वडापाव मिळतो. जेबेल अलीचं मंदिर २०२२ मध्ये आणि अबुधाबीचं दगडी मंदिर फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडलं.

सौदी किंवा कुवेत घेऊ का?

सौदीत सध्या प्रकल्प मोठे आहेत. पण कुटुंब नेलं तर प्रत्येक अवलंबितामागे महिन्याला ४०० रियाल शुल्क पडतं. चौघांच्या घरात अवलंबित तीन, म्हणजे वर्षाला १४,४०० रियाल. मूल्यवर्धित कर १५ टक्के आहे, अमिरातीत ५. ग्रॅच्युइटीचंही गणित वेगळं: स्वतः राजीनामा दिला तर दोन वर्षांच्या आत काहीच नाही, पाच वर्षांपर्यंत एक तृतीयांश, दहापर्यंत दोन तृतीयांश, त्यानंतर पूर्ण. कतारमध्ये नोकरी बदलायला लागणारी जुन्या मालकाची संमती २०२० मध्ये रद्द झाली. कुवेत, बहरीन, ओमानमध्ये बाजार लहान आहे. एका बँकेतून सुटलात की पर्याय पटकन संपतात. पहिल्यांदा जाणाऱ्यानं अमिरातच घ्यावी असं माझं मत, कारण प्रकल्प बंद पडला तरी त्याच शहरात दुसरा मिळू शकतो.

नोकरी सोडून परत येताना काय सांभाळायचं?

शेवटचा हिशेब, म्हणजे पगार, न घेतलेल्या रजेचे पैसे आणि ग्रॅच्युइटी, १४ दिवसांत द्यावा लागतो. व्हिसा रद्द करण्याच्या कागदावर ‘सर्व देणी मिळाली’ असं लिहिलेलं असतं. पैसे खात्यात दिसल्याशिवाय त्यावर सही करू नका. कर्ज किंवा क्रेडिट कार्डची बाकी असेल तर अंतिम हिशेबाची रक्कम जमा होताच बँक ती अडवून धरू शकते, आणि थकबाकीचा दावा कोर्टात गेला तर विमानतळावरच प्रवासबंदी समोर येते. म्हणून आधी बाकी मिटवा आणि बँकेकडून कर्ज संपल्याचं पत्र घ्या. घराची इजारी रद्द करून वीज-पाण्याची अनामत परत मागा. शाळेचा बदलीचा दाखला साक्षांकित करून घ्यायला वेळ लागतो, तो आधी. अनुभवपत्रावर पदनामासोबत क्लायंटचं आणि प्रकल्पाचं नाव घालून घ्या. छोट्या कंपन्या बंद होतात, नावं बदलतात, आणि तीन वर्षांनी पुण्यात पार्श्वभूमी तपासणी करणारा त्यांना फोन लावतो तेव्हा पलीकडे कुणी उचलत नाही.